मनोगतात उरकलेला शेवटचा प्रवेश

माझ्या अभिनयाला पहिलं बक्षीस मिळालं ते मी प्रेत असताना.

तेव्हा मी भोसरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत टायपिस्ट होते. कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी आमच्या कंपनीला एक बाई हवी होती. पुरुष नट मुबलक होते. लेथवरचे, स्टोअरमधले, पेंट शॉपमधले, सगळ्यांना नायक व्हायचं होतं. बाई म्हणून माझी निवड झाली, कारण माझं टेबल मॅनेजरसाहेबांच्या केबिनबाहेर होतं आणि ते दार उघडून बाहेर आले तेव्हा समोर मीच होते. नाटक गंभीर होतं. शेवटच्या अंकात मी नायकाच्या मांडीवर प्राण सोडायचे आणि त्यानं पानभर विलाप करायचा. नायक तिसरी पाळी संपवून थेट स्पर्धेला आला होता. मी प्राण सोडले, त्यानं मान खाली घातली आणि तो झोपला. प्रेक्षकांना आधी वाटलं की दुःख आहे. मग तो घोरायला लागला. शेवटी मीच मेल्या मेल्या त्याला चिमटा काढला आणि त्याचं वाक्य पुटपुटले. तो दचकून म्हणाला, "हजेरी लागली का?"

परीक्षकांनी मला विनोदी अभिनयाचं उत्तेजनार्थ पारितोषिक दिलं. त्या निकालावर पुढं कोणी फेरविचार केला नाही.

त्यानंतर व्यावसायिक नाटकांत मी मोलकरीण झाले, विसरभोळी नर्स झाले, एका नाटकात तर अख्खे दोन अंक कपाटात लपलेली मेव्हणी होते. आणि मग टीव्हीवरची आत्याबाई. अकरा वर्षं. या आत्याबाईनं वाक्य बोललं की मागून 'टुंऽग' असा आवाज यायचा, म्हणजे इथं हसा. मी काय बोलले याला फारसं महत्त्व नव्हतं. एकदा चित्रीकरणात मी वाक्य विसरून नुसतीच बघत राहिले, तर तेही 'टुंऽग' लावून प्रसारित झालं, आणि त्या भागाचं फार कौतुक झालं. निगडीच्या भाजी मंडईत मेथीची जुडी हातात देता देता भाजीवाले 'टुंऽग' म्हणायचे. एका नातलगाच्या दहाव्याला सगळे घाटावर कावळ्याची वाट बघत होते, तेव्हा एक गृहस्थ मोबाइल घेऊन शेजारी उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "आत्या, जरा हसा की. वहिनींना पाठवायचाय."

मालिका संपली नाही, पण मी संपले. आत्याबाई तीर्थयात्रेला गेल्या, असं एका भागात कोणीतरी कोणाला तरी सांगितलं. त्या अजून परतलेल्या नाहीत.

घरी बसून मी स्वतःसाठी एकपात्री प्रयोग लिहिला. कारखान्यातल्या माणसाची बायको, तिच्या तोंडून सगळी वसाहत. सत्तर मिनिटांचा. त्यातली पंचावन्न मिनिटं लोक हसतील अशी, कारण त्याशिवाय मला कोणी बोलावणार नव्हतं. शेवटची पंधरा मिनिटं मात्र वेगळी. नवरा प्रेस मशीनवरच्या अपघातात गेलाय, कंपनीची माणसं शाल आणि फोटो घेऊन घरी आलीत, आणि ती त्यांच्याशी बोलते आहे. त्या पंधरा मिनिटांसाठी मी बाकीची पंचावन्न लिहिली होती.

माझे यजमान आकुर्डीच्या कारखान्यातून टूल रूममधून निवृत्त झालेले. आयुष्यभर मायक्रॉनमध्ये मोजमाप केलेला माणूस. ते माझ्या प्रयोगांचं पार्श्वसंगीत सांभाळतात. लॅपटॉपवर दोन बटणं आहेत, पण ती दाबायला ते चष्मा पुसून, बाही दुमडून बसतात. त्यांचं मत असं की प्रयोगात शेवटचा प्रवेश तेवढा बरा आहे, बाकीच्याला 'फिनिशिंग नाही'.

अडचण एवढीच की तो शेवटचा प्रवेश कधी होतच नव्हता. आमच्या पट्ट्यात एकपात्रीला बोलावतात कंपन्या. सुरक्षा सप्ताह, वर्धापनदिन, महिला दिन. कार्यक्रम पहिली पाळी सुटल्यावर कॅन्टीनमध्ये होतो. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग मान्यवरांची भाषणं, मग उरलेल्या वेळात आम्ही. आणि स्टाफ बस ठरलेल्या वेळेला हॉर्न वाजवते. हॉर्न वाजला की सगळं कॅन्टीन उठतं. त्यात प्रेक्षकांचा काही दोष नाही. ती बस चुकली तर रावेतला किंवा राजगुरूनगरकडं जायला वडापची जीप शोधत उभं राहावं लागतं. तीन कंपन्यांत तीन प्रयोग झाले आणि तिन्ही वेळा माझ्या नायिकेचा नवरा वाचला.

अशात पुण्याचे एक दिग्दर्शक मला भेटले. चाळिशीचे, दाढी, गंभीर नाटकांसाठी प्रसिद्ध. त्यांना नव्या नाटकात एका विधवेची मोठी भूमिका करायला माझ्या वयाची बाई हवी होती. माझं नाव त्यांना कोणीतरी सुचवलं होतं आणि त्यांना ते पटलेलं नव्हतं. त्यांनी ते लपवलंही नाही.

"तुम्ही समोर आलात की लोक हसणार," ते म्हणाले. "त्याचं काय करायचं?"

"माझा एक प्रयोग आहे. शेवटची पंधरा मिनिटं बघा."

"कधी आहे? मला या आठवड्यात नक्की करायचंय."

आठवड्यात एकच प्रयोग होता. चाकणला, गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत, महिला दिनाचा. तीस वर्षांत मला कोणी रडायला बोलावलं नव्हतं. ही संधी गेली तर उरलेल्या आयुष्यात पुन्हा कपाट आणि 'टुंऽग', हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्या कंपनीत लाइनवर जवळजवळ सगळ्या बायका. चाकणच्या आसपासच्या गावांतल्या, काही मराठवाड्यातून आलेल्या. व्यासपीठावर नऊ खुर्च्या होत्या. त्यांतल्या आठांवर पुरुष आणि नववीवर मी. मागच्या फ्लेक्सवर कमरेवर हात ठेवलेली आत्याबाई होती, आणि तिच्या तिप्पट आकाराचे एक युवा नेते हात जोडून उभे होते. गावच्या सरपंच बाई आहेत. पण त्या कामात असल्यामुळं महिला दिनाला त्यांचे यजमान आले होते. सूत्रसंचालक एचआरच्या साहेबांनी त्यांची ओळख 'सरपंचपती' अशी करून दिली आणि त्यांनी ती मान डोलावून स्वीकारली.

दिग्दर्शक पहिल्या रांगेच्या टोकाला बसले होते. पुण्याचे आहेत एवढं कळल्यावर त्यांचाही सत्कार झाला. मांडीवर शाल, नारळ आणि समोशाची बशी घेऊन ते अवघडून बसून राहिले.

बस साडेचारला होती. भाषणं सव्वातीनला सुरू झाली. पहिल्या वक्त्यांनी स्त्री ही शक्ती आहे असं सांगितलं. दुसऱ्यांनी तेच सांगितलं, पण उदाहरणं देऊन. तिसरे म्हणाले, माझ्या आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंय, आणि मग वीस मिनिटं ते पुन्हा सांगितलं. खाली आठ तास उभं राहून वायरी जोडलेल्या बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून शक्तीविषयी ऐकत होत्या. चार वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा अजून युवा नेते शिल्लक होते. दिग्दर्शकांनी घड्याळ पाहिलं. मी एचआरच्या साहेबांना खुणेनं बोलावलं.

"साहेब, बस थोडी उशिरा सोडता येईल का?"

"शक्य नाही मॅडम. शेड्यूल असतं. ड्रायव्हर लोक ऐकत नाहीत."

"मग हे भाषण लांबलं तर?"

"भाषण चालू असेल तर थांबवतोच ना. मान्यवर बोलताना लोक उठून गेले तर आमची खरडपट्टी निघते. मागं एकदा पाऊण तास बस थांबवली होती."

"आणि नाटक चालू असेल तर?"

साहेब समजूतदारपणे हसले. "मॅडम, नाटक ते नाटक."

युवा नेते चार अठ्ठावीसला थांबले. त्यानंतर माझा सत्कार. शाल, श्रीफळ, आणि काचेत बसवलेली एक आकृती, जी स्त्री असावी. साहेब म्हणाले, "आता आपल्या लाडक्या आत्याबाईंना मी विनंती करतो, त्यांनी आपलं मनोगत व्यक्त करावं. दोनच शब्द."

मनोगत म्हणजे भाषण. भाषण चालू असेल तर बस थांबते. हे मी ठरवलं असं म्हणता येणार नाही. माइकपर्यंत चालत जायला चार पावलं लागतात, तेवढ्यात ते झालं. सत्काराची शाल अंगावर होतीच. मी खालच्या लोकांकडं पाठ थोडी वळवली आणि खुर्च्यांवरच्या आठ पुरुषांकडं बघून शेवटचा प्रवेश सुरू केला.

"तुम्ही सगळे आलात, बरं वाटलं. ह्यांच्या माघारी कंपनीतून एवढी माणसं पहिल्यांदाच आलीत."

कोणीतरी सवयीनं हसलं. मी पुढं गेले.

"ह्यांना जाऊन सहा महिने झाले. प्रेसवर होते. मी अजून पाचला उठते. हाताला सवय आहे, तो माझं ऐकत नाही. चार पोळ्या, भाजी, एक कांदा. डबा भरते, झाकण लावते, आणि मग आठवतं. भरलेलं अन्न टाकवत नाही. मग त्यांच्या जेवणाच्या सुट्टीला, साडेबाराला, मीच बसते तो डबा घेऊन. आधी कधी डबा तसाच परत आला तर मी भांडायची. म्हणायची, मी इथं पहाटेपासून मरते आणि तुम्हाला खायला वेळ नाही? आता रोज डबा पुसून रिकामा करते. भांडायला जागाच ठेवत नाही."

कॅन्टीनमधला पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. मी सरपंचपतींकडं पाहिलं, कारण संहितेत ते वाक्य मुख्य साहेबांना उद्देशून आहे आणि तिथं तेच सगळ्यांत रुंद होते.

"तुम्ही फोटो आणलात. चांगला मोठा केलाय. पण साहेब, हा त्यांच्या ओळखपत्रावरचा फोटो आहे. त्यात ते हसले नव्हते. ह्यात हसताहेत. मोबाइलवर करता येतं म्हणे असं. घरात सहा महिने मी आठवायचा प्रयत्न करतेय, ते हसले की कसे दिसायचे. आणि तुम्ही हे दुसऱ्याच कोणाचं तरी हसू चिकटवून आणलंत."

पंधरा मिनिटं. साडेचार वाजून गेले, पावणेपाच झाले, हॉर्न वाजला नाही. प्रवेश संपला तेव्हा मी नमस्कार केला. टाळ्या आल्या नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की काहीतरी चुकलंय. समोरच्या दोन रांगांतल्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. युवा नेते खाली बघत होते. आणि सरपंचपती हळूहळू उभे राहिले.

"ताईंनी आज काळजाला हात घातला," ते म्हणाले. "अकरा वर्षं आपल्याला हसवणारी ही माउली एवढं दुःख गिळून बसली होती. मी सगळ्यांना विनंती करतो, त्यांच्या दिवंगत यजमानांना दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहूया."

सगळं कॅन्टीन उभं राहिलं. सगळ्यांत मागे, स्पीकरच्या शेजारी, लॅपटॉपसमोर माझे दिवंगत यजमान बसले होते. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. मग चष्मा काढला, हात जोडले आणि तेही उभे राहिले. मी त्या माणसाबरोबर तीस वर्षं संसार केला आहे, पण त्यांना इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. नंतर गाडीत त्यांची एकच तक्रार होती. "एक मिनिट दहा सेकंदांतच आटोपलं गं. मी बघत होतो."

मी माइककडं धावले. "थांबा, गैरसमज होतोय, हा माझ्या नाटकातला..."

एचआरच्या साहेबांनी हळुवारपणे माइक काढून घेतला. "मॅडम, तुम्ही बसा. त्रास होईल." आणि त्यांनी जाहीर केलं की कंपनी माझ्या यजमानांच्या स्मरणार्थ दरवर्षी उत्कृष्ट कामगाराला फिरता चषक देईल. युवा नेत्यांनी चौकाला नाव देण्याचा विषय मांडायचं आश्वासन दिलं. कोणाचं नाव द्यायचं, हे मात्र दोघांनीही विचारलं नाही. तेवढ्यात हॉर्न वाजला आणि कॅन्टीन रिकामं व्हायला लागलं.

जाता जाता एक बाई माझ्यापाशी थांबली. पन्नाशीची, कंपनीचा निळा कोट, कपाळावर आडवं कुंकू. तिनं माझा हात धरला. मला फार लाज वाटली.

"मावशी," मी म्हणाले, "ते खरं नव्हतं. नाटक होतं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "मला आधीच कळलं."

"कशावरून?"

"खरी बाई एवढं नीट बोलत न्हाई वो. मधी थांबती, नाक पुसती, इसरती. तुमी एकदा बी नाक पुसलं न्हाई." मग हात दाबून म्हणाली, "पर डब्याचं बेस होतं. आमच्या जावंचं आसंच हाय. येते, बस जाईल."

तीस वर्षांत माझ्यावर बरीच समीक्षा छापून आली. एवढी मुद्देसूद एकही नाही.

मग दिग्दर्शक आले. नारळ अजून हातात होता. डोळे लाल.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "माफ करा. मी तुमच्याशी फार कोरडेपणानं बोललो. नाटक राहूनच गेलं, पण आता त्याची गरज नाही."

मला वाटलं, मिळाली भूमिका.

"ही भूमिका विधवेची आहे," ते पुढं म्हणाले. "तुम्हाला रोज त्यातून पुन्हा न्यायचं म्हणजे क्रूरपणा होईल. ती मी दुसऱ्या कोणाला तरी देतो. तुम्ही शेजारीण करा. विनोदी आहे. तुमचं मनही रमेल."

आयुष्यात एकदाच मी असा अभिनय केला होता की समोरच्याला तो दिसलाच नाही, आणि म्हणून मला पुन्हा शेजारीण मिळत होती. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. शेजारीण तर शेजारीण. खरं सांगितलं तर ती पण जाईल. पण तिकडं मागे एक माणूस बाही दुमडून वायर गुंडाळत होता, आणि त्याला मारून भूमिका मिळवणं तर सोडाच, मला तर त्याला मारून भूमिका गमवावी लागत होती.

"अहो," मी हाक मारली, "जरा इकडं या." ते आले. "हे माझे यजमान."

दिग्दर्शक बघत राहिले. "म्हणजे... दुसरे?"

"पहिलेच."

"नमस्कार," यजमान म्हणाले. "हात धुळीचे आहेत, म्हणून लांबूनच."

मी पिशवीतून संहिता काढून दिग्दर्शकांच्या हातात दिली आणि शेवटची पानं उघडून दिली. त्यांनी नारळ टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या वाचलं. ओठ हलत होते. डबा, फोटो, ओळखपत्र, सगळं तिथं टाइप केलेलं होतं. वाचून झाल्यावर त्यांनी संहिता मिटली.

"मी रडलो हो," ते म्हणाले.

"मी पाहिलं."

"हे बरोबर नाही."

एवढं बोलून ते निघून गेले. नारळ तिथंच राहिला.

आठ दिवस त्यांचा फोन आला नाही. एचआरच्या साहेबांचा आला. चषकावर कोरायला नाव हवं होतं. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, यजमानांना फोनवर बोलायलाही लावलं. साहेबांनी पलीकडं कोणाला तरी काहीतरी विचारलं. मग अडचणीतल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट फोटोसकट हेड ऑफिसला गेलाय. आता मागं घेता येणार नाही. तुमची हरकत नसेल तर नुसतं 'स्मृती चषक' लिहितो." यजमानांची हरकत नव्हती. त्या कागदांत ते अजूनही गेलेलेच आहेत, आणि कोणी ओळखीचं चाकणला निघालं की ते "माझा नमस्कार सांगा" असं सांगतात.

नवव्या दिवशी दिग्दर्शकांचा फोन आला. आवाज पूर्वीइतकाच कोरडा.

"शेजारणीसाठी दुसरी बाई मिळाली आहे," ते म्हणाले. "तुम्ही सोमवारपासून तालमीला या."

तालमी दीड महिना चालल्या. चाकणला केलं तसं मला तिथं एकदाही जमलं नाही, आणि ते रोज तसं सांगायचे. शुभारंभाचा प्रयोग चिंचवडच्या नाट्यगृहात झाला. पडदा उघडल्यावर मी वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन आत यायचं आणि काही न बोलता एकेक घडी घालत बसायचं, अशी सुरुवात होती. मी आत आले आणि प्रेक्षागृह हसलं. अगदी मनापासून, घरचं माणूस दिसल्यासारखं. विंगेत दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावलेला मला दिसला.

मी घड्या घालत राहिले. एक लुगडं, एक परकर, एक पुरुषाचा शर्ट. शर्टाच्या बाह्या आत दुमडल्या, कॉलर सरळ केली, आणि तो उचलून ढिगावर न ठेवता बाजूला ठेवला. हसू कमी झालं, पण थांबलं नाही. मागच्या रांगेत एका बाईला आवरेना. तिच्या शेजारचीचा दबका आवाज मला रंगमंचावर स्पष्ट ऐकू आला.

"अगं, गप. काहीतरी झालंय तिला."

मग मी तोंड उघडलं.